फुकटच्या गोळ्या

नीळकंठ वैरागडेला फुकट मिळालेली वस्तू घरात आलेली खपत नसे. दिवाळीला कारखान्याकडून मिठाईचा डबा आला, की तो आधी डब्याच्या बुडाची तारीख वाचायचा, मग एक बर्फी मोडून वास घ्यायचा आणि मगच मुलीच्या हातात डबा द्यायचा. एकदा दूधवाला चुकून जास्तीचं माप घालून गेला, तर दुसऱ्या दिवशी नीळकंठने त्याला फाटकाशीच अडवलं. "काल जास्त का दिलंस? पाणी घातलं होतंस ना?" दूधवाल्याने त्या दिवसापासून या क्वार्टरला थेंबभरही जास्त दूध घातलं नाही.

मनोरमा, त्याची बायको, या स्वभावाला हसायची, पण त्याचं मूळ तिला ठाऊक होतं. नीळकंठचे वडील नागपूरला एका कापडगिरणीत मागावर होते. नीळकंठ नववीत असताना गिरणीत डोळे तपासायला डॉक्टर आले. तपासणी फुकट, वर चहा आणि केळी. वडील घरी येऊन कौतुकाने म्हणाले, एक डोळा जरा अधू निघालाय, गिरणी चष्मा देणार आहे. चष्मा काही आला नाही. महिन्याभरात त्यांना मागावरून काढून गोदामात झाडायला लावलं आणि पोळ्यानंतर घरीच बसवलं. पुढे कित्येक वर्षं ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बाबा रे, डोळा दाखवला नसता तर अजून मागावर असतो."

नीळकंठने हे पुरतं मनावर घेतलं. आयटीआय करून तो भोपाळला आला, इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात लागला, कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं, संसार मांडला. शॉपच्या, म्हणजे जिथे अवजड यंत्रं जुळवायची त्या शेडच्या छपराखाली, तीन मजले उंचीवर, रुळांवरून चालणारी अवजड क्रेन त्याच्या हाताखाली होती. सकाळी लोखंडी शिडीने वर चढायचं, काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालून खलाशी, म्हणजे ओझ्याला साखळ्या बांधणारा कामगार, हाताने ज्या खुणा करील त्या बघून ओझं उचलायचं, सरकवायचं, ठेवायचं. पंचवीस वर्षांत त्याने एकही नग आपटला नव्हता. यंत्राचा फिरता गाभा असलेला अगडबंब रोटर तो असा टेकवायचा, की खालच्या लाकडी ठोकळ्याचा आवाजसुद्धा यायचा नाही.

खाली खुणा करणारा खलाशी मधुकर ठाकरे, अमरावतीकडचा, समोरच्याच क्वार्टरमध्ये राहणारा. दोघांचं बोलणं दिवसभर हातांनीच चालायचं. सुट्टी झाली की स्कूटरवर मागेपुढे बसून दोघं एकत्र घरी यायचे.

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचं वारं शिरलं होतं. कोणाला घालवणार, कोणाला ठेवणार, याची कँटीनमध्ये रोज नवी बातमी असायची. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात कँटीनच्या दाराशी टेबल लागलं. टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र, बाजूला नर्स आणि मागे कापडी फलक: उच्च रक्तदाब नियंत्रण योजना. प्रत्येक कामगाराची तपासणी होणार. ज्याचा दाब जास्त निघेल त्याला दर महिन्याला गेटजवळच्या खिडकीतून गोळ्या मिळणार, फुकट. कामावर येताजाता घ्यायच्या, रजा टाकायची गरज नाही.

"बघ," नीळकंठ म्हणाला. "सुरू झालं."

"काय सुरू झालं?" मधुकरने विचारलं.

"कोण खराब आहे ते शोधणं. स्वेच्छानिवृत्तीला स्वेच्छेने कोण जातंय? मग आजारी माणसं निवडायची. क्रेनवाल्याला दाब निघाला की तो उंचीवर चालत नाही. झालं, उतरव खाली."

"अरे, हात तर दाखवायचा आहे. हाताचं काय जातंय?"

"आधी हात मागतात, मग मान," नीळकंठ म्हणाला आणि कचोरी अर्धी टाकून उठला.

शॉपमधल्या बऱ्याच जणांना हे पटलं. क्रेनवाले आणि वेल्डर त्या टेबलाला वळसा घालून मागच्या दाराने कँटीनमध्ये जायला लागले. नीळकंठचं नाव पुकारलं की तो नेमका वर क्रेनवर असायचा.

पण खरी गोम वेगळीच होती. नीळकंठचं डोकं मागून ठणकत असे. सकाळी उठलं की मानेवर कोणी वीट ठेवल्यासारखं वाटायचं. त्याला धास्ती होती, की आपल्याला दाब आहेच. आणि तो असेल तर कारखान्याला कळता कामा नये.

म्हणून एका शनिवारी तो गुपचूप अशोका गार्डन वस्तीत गेला. रेल्वेलाइनजवळच्या एका खाजगी दवाखान्यात त्याने आपलं नाव सांगितलं दत्तात्रय बोंडे. हे त्याच्या साडूचं नाव. डॉक्टरने दाब मोजला, भुवया वर केल्या, पुन्हा मोजला आणि लांबलचक चिठ्ठी लिहून दिली. गोळ्या खालच्या दुकानातून घ्यायच्या होत्या. त्या महाग होत्या. नीळकंठने त्या स्कूटरच्या डिकीत पान्याखाली ठेवल्या. रोज एक घ्यायची, पण तो दिवसाआड घ्यायचा, कधी दोन दिवसांनी. गोळ्यांचा पत्ता जितका जास्त दिवस पुरेल तितकं बरं. डोकं हलकं वाटलं की बंद. जास्तच ठणकलं की दोन एकदम.

आता घरी दुसरा संशय उगवला. दर पंधरवड्याला शनिवारी नवरा "जरा जाऊन येतो" म्हणून निघतो, कुठे ते सांगत नाही, आल्यावर नजर चुकवतो. किराण्यात हात आखडतो. मनोरमेने आधी धरलं, की सट्टा असणार. मग मनात आणू नये तेही मनात आलं. तिने शर्ट हुंगले, खिसे उलटेपालटे केले, मधुकरच्या बायकोला आडून विचारलं. कुठेच काही लागेना. शेवटी एका शनिवारी नवऱ्याची स्कूटर सोनागिरीच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि तिने पदर खोचला. मुलीने, कांचनने, आदल्या दिवशीच सांगितलं होतं, की बाबा मागच्या खेपेला अशोका गार्डनकडे दिसले होते. मनोरमेने टेंपो पकडला.

रेल्वेलाइनच्या गल्लीत स्कूटर सापडली. ती कोणत्या दारासमोर उभी आहे ते बघत असतानाच मागून हाक आली.

"मनोरमा? तू इकडे कुठे?"

फॉल-पिकोच्या दुकानात मशीनवर कुसुमताई बसल्या होत्या. पाच-सहा वर्षांपूर्वी त्या कॉलनीत वैरागड्यांच्याच ओळीत राहायच्या. नवरा कारखान्यात टर्नर, हसतमुख माणूस, गणपतीत ढोल वाजवणारा. एका सकाळी आंघोळ करून बाहेर आला आणि दारातच कोसळला. लकवा. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता, मग गेला. क्वार्टर सोडावं लागलं. त्यानंतर कुसुमताई कॉलनीत कोणाला दिसल्या नव्हत्या आणि खरं सांगायचं तर कोणी शोधल्याही नव्हत्या.

मनोरमा ओशाळली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "काम होतं जरा."

"भाऊजींच्या मागे आलीस ना?" कुसुमताई मशीन थांबवून म्हणाल्या. "ते येतात इथे. मला बघून न बघितल्यासारखं करतात. समोरच्या दवाखान्यात जातात."

"दवाखान्यात?"

"दाबाचा डॉक्टर आहे तो. आमच्या ह्यांनाही शेवटी तिथेच नेलं होतं. पण आमच्याकडे दाब आहे हेच आधी कोणाला माहीत नव्हतं गं. माणूस पडल्यावर कळलं." कुसुमताईंनी कापडाला लागलेला दोरा तोडला. "माणूस तर गेलाच. पण आधी काय काय गेलं ते ऐकशील? पहिल्यांदा ठेव मोडली. मग माझ्या पाटल्या. मग उमाचं कॉलेज. ती आता कपड्यांच्या दुकानात उभी असते. मी दोन वर्षं घराबाहेर पडले नाही, माझं शिवणाचं गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच. एका माणसाच्या डोक्यात एक शीर फुटली आणि आमचं सगळं घर बसलं."

मनोरमा रस्ता ओलांडून गेली. दवाखान्यात बाकावर आठ-दहा माणसं होती. कोपऱ्यात नीळकंठ, भिंतीकडे तोंड करून. तेवढ्यात कंपाउंडरने हाक मारली, "दत्तात्रय बोंडे!" कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. तेव्हा नीळकंठ दचकून उभा राहिला आणि समोर बायको.

"माझ्या बहिणीचा नवरा इथे कधी आला?" मनोरमा म्हणाली.

घरी आल्यावर मनोरमेने काही शिल्लक ठेवलं नाही. चोरून औषध, तेही खोट्या नावाने, तेही अर्धवट! आणि गेटवर फुकट मिळत असताना!

"तिथे नाव लागलं की क्रेन गेली," नीळकंठ म्हणाला. "बाबांचं काय झालं माहीत आहे ना तुला?"

"आणि तुमचं काही झालं तर माझं काय होईल, ते आज मी बघून आले."

त्याने तिच्याकडून शपथ घेतली, की कॉलनीत बोलायचं नाही. तिने त्याच्याकडून शपथ घेतली, की गोळी रोज घ्यायची. तिने आपली शपथ पाळली.

मे महिना आला. शॉपचं पत्र्याचं छप्पर तापून निघायचं आणि वरच्या केबिनमध्ये जीव उकडून जायचा. डिकीतला पत्ता संपून चार-पाच दिवस झाले होते. नवा आणला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं इतकं ठणकत होतं, की नीळकंठने उपाशीपोटी तीन गोळ्या एकदम गिळल्या आणि तो शिडी चढला.

दुपारच्या जेवणाआधी मोठा रोटर उचलायचा होता. साखळ्या घातल्या, मधुकरने बोट वर फिरवलं, नीळकंठने ओझं उचललं. रोटर डोक्याइतका उंच गेला, आडवा सरकायला लागला. आणि मध्येच नीळकंठच्या डोळ्यांपुढे काळोख आला. खालचा मधुकर आधी पुसट झाला, मग दिसेचना. कानात नुसती शीळ. त्याने हाताच्या सवयीने क्रेनच्या दांड्याची मूठ शून्यावर आणली. ब्रेक लागला. रोटर तिथेच हवेत थांबला आणि हळूहळू डोलायला लागला.

खाली मधुकरने वर पाहिलं. केबिनमधला माणूस पुढे वाकला होता, डोकं गुडघ्यांवर. मधुकरने शिट्टी फुंकून सगळ्यांना लांब पळवलं, पण स्वतः मात्र हलला नाही. दोन्ही हात पसरून तो जागच्या जागी उभा राहिला. थांब, थांब, थांब.

किती वेळ गेला कोण जाणे. नीळकंठने डोकं उचललं, तेव्हा खाली तेच दोन पसरलेले हात त्याला पहिल्यांदा दिसले. त्या हातांकडे बघत बघत, बोटाबोटाने, त्याने रोटर ठोकळ्यांवर आणून टेकवला. या वेळी ठोकळा कर्रकन वाजला.

मधुकर शिडी चढून वर आला. "काय झालं?"

"काही नाही. ऊन."

मधुकरला त्याच्या पायाशी पडलेला गोळ्यांचा पत्ता दिसला. त्याने तो उचलून नीळकंठच्या खिशात घातला आणि त्याला धरून खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी शॉपचे इंजिनियर आपटेसाहेबांनी नीळकंठला बोलावलं. "वैरागडे, आजपासून क्रेनवर जायचं नाही. कारखान्याच्या हॉस्पिटलला जाऊन या. डॉक्टर फिट म्हणतील तोवर खालीच काम करा."

नीळकंठ थेट मधुकरसमोर जाऊन उभा राहिला. "तू सांगितलंस?"

"हो, मी सांगितलं."

"पंचवीस वर्षांची दोस्ती..."

"हुकाखाली मी उभा असतो, नीळकंठ," मधुकर म्हणाला. "तू वर आंधळा झालास तर मरणार मी आहे. माझ्या दोन मुली आहेत."

नीळकंठने त्या दिवसापासून मधुकरशी बोलणंच टाकलं. स्कूटरवर आता तो एकटाच यायचा. कँटीनमध्ये माणसं त्याच्याकडे बघून कुजबुजायची: गेला बकरा. आता कागद आणून देतील, सही करा म्हणतील. त्यालाही मनातून खात्री होती, की हेच होणार. शेवटी बाबांचंच नशीब आपल्या वाट्याला आलं.

हॉस्पिटलला मनोरमा बरोबर निघाली. "तू कशाला?" तो म्हणाला.

"तुम्ही तिथे कोणतं नाव सांगाल याचा नेम नाही."

योजना सांभाळणाऱ्या डॉक्टर अनुराधा मुळ्ये पन्नाशीच्या, पुण्याकडच्या, बोलायला तुटक. नीळकंठ समोर बसला, पण हात पुढे करेना.

"एक विचारू मॅडम? गोळ्या फुकट का देता?"

"का म्हणजे?"

"कोणी काही फुकट देत नाही. यात कारखान्याचा काय डाव आहे?"

मनोरमेने कपाळाला हात लावला. पण मुळ्येबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"डाव आहे ना," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं, दयाधर्म आहे? दयाधर्म म्हणून मी ही फाईल दोन वर्षं फिरवली. कोणी हात लावला नाही. मग मी दुसरं मांडलं. म्हटलं, दाबाचा माणूस एकदा लकवा होऊन पडला, की त्याला उपचारांना दिल्लीला पाठवायचा खर्च कारखाना करतो. तो महिनोन्महिने घरी, त्याचं यंत्र बंद. त्याच्या जागी नवा माणूस घ्यायचा, त्याला शिकवायचं. क्रेनवाला तयार व्हायला किती वर्षं लागतात?"

"रोटर उचलू द्यायचा म्हणजे सात-आठ तरी," नीळकंठ म्हणाला.

"बघा. आणि गोळी? सरकारी खरेदीत ती चहापेक्षा स्वस्त पडते. एक माणूस पडल्यावर जे जातं, त्यात सगळ्या शॉपला वर्षभर गोळ्या पुरतील. हे मांडलं तेव्हा फाईल हलली. कारखाना तुमच्यावर उपकार करत नाहीये, वैरागडे. स्वतःचे पैसे वाचवतोय."

नीळकंठला आश्चर्य वाटलं, की हे ऐकून आपल्याला बरं वाटतंय. मालकाच्या प्रेमाची त्याला भीती वाटायची. मालकाचा स्वार्थ मात्र त्याला कळत होता, त्याच्याशी व्यवहार करता येत होता.

"मग माझी क्रेन का काढली?"

"आज तुम्ही वर गेलात तर खालचा मरेल. दाब आटोक्यात आला की मी स्वतः फिट लिहून देईन."

"आत्ता लिहून द्या."

"आत्ता नाही."

तिथे संशयाने पुन्हा डोकं वर काढलं. त्याने हात मागे घेतला. "हे यंत्र बरोबर दाखवतं कशावरून? आधी हिचं मोजा. हिला काही झालेलं नाही. हिचं बरोबर आलं, तर माझं मोजा."

"अहो, काहीतरीच काय!" मनोरमा म्हणाली. पण मुळ्येबाईंनी तिला खुर्चीवर बसवून पट्टा गुंडाळलासुद्धा. फुगा दाबला, पारा चढला, उतरला. बाईंनी पुन्हा मोजलं.

"किती?" नीळकंठने विचारलं.

"एकशे ऐंशीच्या वर."

"बघा! म्हटलं होतं ना? यंत्र खराब आहे. हिला काय धाड भरलीय?"

मुळ्येबाईंनी नर्सला दुसरं यंत्र आणायला सांगितलं. मनोरमेला दहा मिनिटं शांत बसवलं. दुसऱ्या यंत्रानेही तेच सांगितलं. नीळकंठचा स्वतःचा दाब त्यानंतर मोजला, तो बायकोपेक्षा थोडा कमीच निघाला.

"डोकं दुखतं का?" बाईंनी मनोरमेला विचारलं.

"दुखतं. पण ते कुणाचं दुखत नाही?" मनोरमा म्हणाली. घाबरली होती, पण तिला आधी सुचलं ते हेच.

नीळकंठने स्वतःच्या जिवाची जोखीम निमूट घेतली होती. ही जोखीम त्याला पेलवेना. घरी जाताना तो स्कूटर इतकी सावकाश चालवत होता, की सायकलवाले पुढे जात होते. त्याच्या डोळ्यांसमोर कुसुमताई होत्या, फक्त माणसं उलटसुलट झाली होती. मनोरमा अंथरुणावर, आणि तो तिच्या उशाशी. आणि कॉलेज सोडून चुलीपाशी कांचन.

त्या दिवसापासून रोज सकाळी दोघंही चहाबरोबर एकमेकांसमोर गोळी घेऊ लागली. एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून एकमेकांना जीभ उचलून दाखवायची. कैरीचं लोणचं आणि पापड ताटातून गेले. ठेच्यातलं मीठ निम्म्यावर आलं, तेव्हा नीळकंठ एक आठवडा कुरकुरला.

पण एक अडचण होती. नीळकंठच्या गोळ्या गेटवरच्या खिडकीतून जातायेता मिळायच्या. मनोरमेला मात्र हॉस्पिटलच्या मोठ्या रांगेत अर्धा दिवस उभं राहावं लागे आणि गोळ्या कधी असत, कधी नसत. योजना कामगारांसाठी होती, बायकांसाठी नव्हती. नीळकंठने मुळ्येबाईंना विचारलं, "हे का? यात काय चाल आहे?"

"चाल काही नाही. बायका लक्षातच आल्या नाहीत कोणाच्या," बाई म्हणाल्या. "मी मागितलंय. आधी कामगारांचं होऊ दे, म्हणतात."

नीळकंठ आपटेसाहेबांच्या केबिनमध्ये गेला. एरवी तो बोलावल्याशिवाय तिथे पाऊल टाकत नसे.

"साहेब, मी खाली आल्यापासून क्रेनचं काम किती अडलंय?"

आपटेसाहेबांनी सुस्कारा सोडला. "विचारू नका. दुसऱ्या शिफ्टचा क्रेनवाला मोठ्या नगाला हात लावायला घाबरतो."

"उद्या मी फिट झालो आणि माझी बायको पडली, तर? मी घरी बसणार की रोटर उचलणार? आणि आलोच कामावर, तर डोकं कुठे असेल माझं? ते ओझं माणसांच्या डोक्यावरून जातं, साहेब. कारखान्याला माझी गरज आहे म्हणून मला गोळी देता ना? मग मी ज्या माणसाच्या जोरावर कामावर येतो, तिलाही द्या. स्वस्तात पडेल."

आपटेसाहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "हे तुम्हाला मुळ्येबाईंनी शिकवलं का?"

"त्यांनी फक्त माझ्याबद्दल सांगितलं होतं."

आपटेसाहेबांनी ते वर पोचवलं. मुळ्येबाईंनी आपली फाईल पुन्हा काढली. दोघांपैकी कोणाच्या शब्दाने काम झालं, की नुसतं कोणाला तरी सही करायला सवड मिळाली, हे नीळकंठला कधी कळलं नाही, आणि तो त्यावरही तर्क करत राहिला. पण पावसाळा संपता संपता कॉलनीच्या छोट्या दवाखान्यात बायकांसाठी वेगळी खिडकी उघडली.

त्याआधीच त्याचा फिटचा कागद आला होता. मुळ्येबाईंनी शब्द पाळला. तरी शिडी चढताना नीळकंठला वाटत होतं, की कोणीतरी मागून हाक मारील, उतरा म्हणून. तो केबिनमध्ये बसला आणि खाली बघितलं. खुणा करायला मधुकर येतो की नाही, याचीच त्याला धाकधूक होती. अडीच महिने त्यांचं बोलणं नव्हतं. आणि ज्याने एकदा ओझं अधांतरी सोडलं, त्याच्या हुकाजवळ कोण उभं राहील?

मधुकर आला. साखळ्या तपासल्या, मान वर केली. मग त्याने एक खूण केली, जी खलाशांच्या खुणांत कुठे नव्हती: चिमूट करून तोंडाशी नेली. गोळी घेतली का?

नीळकंठने काचेआडून अंगठा दाखवला. मधुकरने बोट वर फिरवलं आणि काम सुरू झालं. सुट्टी झाल्यावर दोघं काही न बोलता एकाच स्कूटरवर बसले. सोनागिरीच्या वळणावर मधुकर म्हणाला, "मी पण दाखवून आलो हात. माझा ठीक आहे." नीळकंठ म्हणाला, "एकदा मोजून भरवसा ठेवू नकोस."

बायकांच्या खिडकीवर पहिले काही दिवस कोणी फिरकलं नाही. बायकांनाही संशय होता. गोळ्या एकदा सुरू केल्या की सुटत नाहीत म्हणे. नवऱ्याच्या नोकरीवर बालंट आलं तर? मनोरमा दारोदार गेली. तिच्या सांगण्यापेक्षा एकच गोष्ट कामी आली. प्रत्येक घरात बाई आधी विचारायची, "वैरागडे भाऊजी स्वतः घेतात?" घेतात म्हटल्यावर ती चप्पल शोधायला लागायची. तोच प्रकार शॉपमध्ये. जो माणूस दिवाळीच्या बर्फीचा वास घेतो, तो रोज ती गोळी गिळतोय म्हणजे त्यात काही काळंबेरं नसणार, असं क्रेनवाले आणि वेल्डर म्हणू लागले आणि कँटीनचा मागचा दरवाजा ओस पडला.

कुसुमताईंना मात्र त्या खिडकीचा उपयोग नव्हता. त्या कॉलनीच्या राहिल्या नव्हत्या. मनोरमेने एकदा त्यांना आपल्या पत्त्यातल्या गोळ्या देऊ केल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "नको गं. मला दाब आहे की नाही हेच मला माहीत नाही. माहीत करून घेऊन करू काय?" पुढे बऱ्याच वर्षांनी शहरातल्या सरकारी दवाखान्यांतून अशाच गोळ्या मिळायला लागल्या, तेव्हा मनोरमा स्वतः कुसुमताईंना रिक्षात घालून घेऊन गेली. त्यांना दाब होता. कधीपासून, ते कोणी सांगू शकलं नाही.

नीळकंठ क्रेनवरूनच निवृत्त झाला. त्याच्याबरोबर लागलेल्यांपैकी काही स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले, काही आधीच वारले. कांचन शिकली आणि शाहपुऱ्यात एका ऑफिसात लागली. म्हातारा-म्हातारीने सोनागिरीत दोन खोल्यांचं घर बांधलं. गृहप्रवेशाला मुळ्येबाई आल्या होत्या, त्याही तोवर निवृत्त झालेल्या. जेवायला वरण-भात, पुरण आणि नीळकंठच्या हट्टाने बिनमिठाची कोशिंबीर. बाईंनी कोशिंबिरीचा घास घेतला आणि इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "मनोरमाबाई, थोडं मीठ आहे का हो?"

मनोरमेने मिठाची वाटी आणून दिली आणि नीळकंठ तिकडे बघतोय का, ते आधी पाहून घेतलं.